एका शिलिंगचं जहाज

(माजी विद्यार्थी स्नेहमिलनाच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी ओळख करून देताना आत्ता सांगितलं गेलं की हे नुकतेच न्यूझीलंडला जाऊन आले. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. लेक तिथे वेलिंग्टनला नोकरीला आहे, तिने तिकीट काढलं आणि आम्ही दोघं विमानात बसलो. 'परदेशातील अनुभव' या विषयावर बोला, असा मला निरोप होता. पण परदेशातले अनुभव आता प्रत्येक घरात आहेत. आपल्या आसगावातलीच किती पोरं बाहेर आहेत, ते मघाशी हात वर करायला सांगितले तेव्हा कळलंच. म्हणून मी फक्त एका जहाजाबद्दल बोलतो. अर्ध्या तासात संपवतो. मागच्या रांगेतल्यांनी जेवणाची काळजी करू नये.

तुम्ही म्हणाल, भंडारा जिल्ह्याच्या माणसाचा आणि जहाजाचा काय संबंध? बरोबर आहे. दहावीपर्यंत आपल्यापैकी एकानेही समुद्र पाहिला नव्हता. भूगोलाच्या सरांनी फळ्यावर पृथ्वीचा गोल काढून खालच्या बाजूला खडूचे आडवे फराटे ओढले होते आणि म्हणाले होते, 'हे गरजणारे चाळीस.' चाळीस अक्षांशाच्या खाली जमीन फारशी नाही, म्हणून पश्चिमेचे वारे तिथे मोकाट सुटतात. आपण ते पाठ केलं, दोन मार्क मिळवले आणि विसरलो. या फेब्रुवारीत मी त्याच वाऱ्यात वेलिंग्टनच्या धक्क्यावर उभा होतो आणि माझी टोपी उडून समुद्रात गेली. सर, तुमचे दोन मार्क मी आत्ता खरे कमावले.

वेलिंग्टनहून पिक्टन नावाच्या गावाला मोठी फेरीबोट जाते. साडेतीन तास लागतात. पिक्टन लहान गाव आहे, आपल्या पवनीपेक्षाही लहान. बोटीतून उतरून पाच-दहा मिनिटं चाललं की पाण्याच्या कडेला एक कोरडी गोदी आहे आणि तिच्यात एक जुनं लाकडी जहाज ठेवलं आहे. लेक म्हणाली, 'बाबा, तुम्हाला लाकूड आवडतं, बघून घ्या.' तिने सहज म्हटलं होतं. मी आत गेलो तो बंद व्हायच्या वेळेपर्यंत बाहेर आलो नाही.

जहाजाचं नाव 'एडविन फॉक्स'. पाटीवर पहिली ओळ वाचली आणि मी बायकोला हाक मारली. १८५३, कलकत्ता. हे जहाज हुगळीच्या काठी सालकियाला बांधलेलं आहे. सालकिया म्हणजे हावडा. आपल्या भंडारा रोड स्टेशनवरून जी लाईन जाते, तिच्या शेवटच्या टोकाचं हावडा. बांधणाऱ्या कारखानदाराचं नाव थॉमस रीव्ह्ज असं नोंदलेलं आहे. ज्या सुतारांनी ते प्रत्यक्ष बांधलं त्यांची नावं मी शोधली, मला दिसली नाहीत. लाकूड साग आणि साल. सागाच्या फळ्या. पुढे पोचलेला सागाचा ओंडका मी हाताने चाचपला तेव्हा माझ्या शेजारी एक गोरा म्हातारा उभा होता. त्याला मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, हे लाकूड आमच्याकडचं आहे. तो म्हणाला, हो, म्हणूनच ते अजून आहे.

ते त्याने उगाच नाही म्हटलं. आमच्या धंद्यातली दोन वाक्यं इथे सांगतो. युरोपात जहाजं ओकच्या लाकडाची बांधत. ओक मजबूत असतो, पण त्यात एक आम्ल असतं, ते लोखंडी खिळ्यांना खातं आणि गंजलेला खिळा उलट लाकडाला खातो. सागात तेल असतं. खिळ्याला ते सांभाळतं. कीडही सागाला लवकर लागत नाही. म्हणूनच हिंदुस्थानात बांधलेल्या जहाजांना तिकडे किंमत होती. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी १८१७ मध्ये पाण्यात सोडलेलं 'त्रिंकोमाली' हे सागाचं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. पण ते लढाऊ जहाज. त्याच्यावर तोफा, त्याला मान. मी पाहिलेलं जहाज हमाल होतं. मला हमालाचीच गोष्ट सांगायची आहे.

लांबी दीडशे फुटांच्या वर, म्हणजे आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीपेक्षा जास्त. रुंदी जेमतेम तीस फूट. नोंद ८३६ टन. हा टन वजनाचा नव्हे बरं का. जहाजाच्या पोटात किती जागा आहे त्याचं ते माप आहे, शंभर घनफुटांचा एक टन. व्यापाऱ्याला जहाज किती जड आहे याच्याशी कर्तव्य नसतं, त्यात किती माल बसतो ते त्याला हवं असतं. म्हणून अशा जहाजाचं पोट मोठं असतं आणि चाल मंद असते. लंडनला 'कटी सार्क' म्हणून एक जहाज जपून ठेवलं आहे, चहा घेऊन चीनहून धावत येणारं, १८६९ चं. ते हरणासारखं. त्याचे फोटो बिस्किटांच्या डब्यांवर असतात. एडविन फॉक्सचा फोटो कोणी डब्यावर छापणार नाही. ती आपली खाचरातली म्हैस.

तिचं कामाचं आयुष्य ऐका. पहिली सफर कलकत्त्याहून आफ्रिकेला वळसा घालून लंडनला. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता, तो १८६९ मध्ये उघडला. लंडनला पोचताच डंकन डनबर नावाच्या बड्या जहाजमालकाने ती विकत घेतली आणि लगेच सरकारला भाड्याने दिली, कारण क्रिमियाची लढाई चालू होती आणि सैनिक न्यायला जहाजं कमी पडत होती. लढाई संपल्यावर प्रवासी घेऊन मेलबर्नला. मग चीनच्या बंदरांमधून मालाची ने-आण. १८५८ मध्ये सुमारे २८० कैदी घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला. ऑस्ट्रेलियाला कैदी नेणाऱ्या जहाजांपैकी आज शिल्लक असलेलं हे एकच. पुढे चीनमधून करारावरचे मजूर घेऊन क्युबाला, तिथल्या उसाच्या मळ्यांसाठी. त्या मजुरांची हालत कैद्यांपेक्षा फार वेगळी नव्हती. नंतर सैनिक घेऊन आपल्या मुंबईच्याही फेऱ्या झाल्या.

बघा, यातलं एकही काम जहाजाने ठरवलेलं नाही. मालक बदलला की माल बदलला. ज्या तळघरात कधी पोती, त्याच तळघरात माणसं. मी त्या तळघरात उतरलो होतो. आत उभं राहून वर पाहिलं की दोन्ही बाजूंनी वाकलेल्या फासळ्या वर जातात, अगदी आपण जनावराच्या सांगाड्यात उभे असल्यासारखं वाटतं. त्यांनी एका बाजूला प्रवाशांच्या झोपायच्या फळ्या कशा असत ते करून दाखवलं आहे. एका फळीवर दोन माणसं, वर आणखी एक फळी. बायको खाली बसून बघत होती. म्हणाली, 'यात बाळंतपण झालं असेल का हो?' मी म्हटलं झालंच असेल. तीन-तीन महिन्यांचा प्रवास.

१८७३ पासून ती शॉ सॅव्हिल कंपनीसाठी न्यूझीलंडला जाऊ लागली. १८८० पर्यंत चार फेऱ्यांत ७५१ माणसं तिने तिकडे पोचवली. शेतमजूर, गवंडी, मोलकरणी, असे लोक. पहिल्याच फेरीत बिस्केच्या उपसागरात वादळाने असा मार दिला की फ्रान्समध्ये ब्रेस्टला नेऊन दुरुस्ती करावी लागली आणि मग पुन्हा तीच वाट. आमच्या सरांचे गरजणारे चाळीस इथे कामाला येतात. आफ्रिकेच्या खाली उतरायचं, वारा पाठीशी घ्यायचा आणि पूर्वेकडे सुटायचं. न्यूझीलंडमध्ये आज कितीतरी कुटुंबं सांगतात की आमचा खापरपणजोबा एडविन फॉक्सवरून आला. वंशावळ शोधत लोक तिथे येतात.

तोवर वाफेची जहाजं आली होती. त्यांना वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही आणि कालव्यातून जाता येतं. शिडाच्या जहाजाला खलाशी जास्त लागतात, म्हणून १८७८ मध्ये तिची शिडं कमी केली, मागच्या डोलकाठीवरची मांडणी बदलली, म्हणजे थोड्या माणसांत भागेल. आपल्याकडे गिरणी बंद पडायच्या आधी पाळ्या कमी करतात ना, तसं. आणि १८८२ मध्ये न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस पहिल्यांदा इंग्लंडला पोचलं. मेंढ्या तिथे माणसांपेक्षा जास्त, नुसत्या लोकरीवर भागत नव्हतं, आता मांसही विकता येऊ लागलं. पण किनाऱ्यावर शीतगृहं कुठे होती? म्हणून १८८५ मध्ये आपल्या या सागवानी म्हशीच्या पोटात बर्फाची यंत्रं बसवली आणि तिला बंदरांत मेंढ्या गोठवायला उभी केली. या बंदरातून त्या बंदरात करत १८९७ च्या जानेवारीत ओढत पिक्टनला आणली. तिथून ती परत कुठे गेली नाही.

मग किनाऱ्यावर कारखाना झाला आणि हेही काम गेलं. डोलकाठ्या काढल्या, आतलं सगळं सामान काढलं, आणि तिला कोळशाची वखार केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९५० पर्यंत तिच्या पोटात कोळसा होता. कोळसा आत-बाहेर करायला बाजूच्या फळ्या कापून दारं पाडली. हे वाचताना मला, खरं सांगतो, कोणीतरी माझ्या हातावर करवत चालवल्यासारखं झालं. पन्नास साली तेही काम संपलं आणि तिला सोडून दिलं. कोणी तांब्याचे पत्रे काढून नेले, कोणी लाकूड.

आता या गोष्टीतला जो भाग सांगायला मी इथे उभा आहे तो येतो. १९६५ मध्ये काही गावकऱ्यांनी मंडळ काढलं आणि ते धूड विकत घेतलं. किंमत, एक शिलिंग. आपल्या भाषेत काही आणे म्हणा. म्हणजे विकणाऱ्यालाही ते नकोसंच होतं. घेतलं खरं, पण पैसे कुठे होते? १९६७ मध्ये जवळच्या शेक्सपियर बे नावाच्या खाडीत नेऊन ठेवलं आणि ते तिथे जवळपास वीस वर्षं पडून राहिलं. वीस वर्षं! भरती-ओहोटीत ओलं-सुकं होत. १९८६ मध्ये परत तरंगवलं, पिक्टनला आणलं आणि १९९९ मध्ये कोरड्या गोदीत चढवलं. मंडळ स्थापन झाल्यापासून गोदीत येईपर्यंत चौतीस वर्षं. सुरुवात करणाऱ्यांपैकी कितीजण तोवर राहिले असतील ते तुम्ही आपल्या बॅचवरून ओळखा. आज सकाळी आपण श्रद्धांजलीसाठी किती नावं वाचली?

आणि त्यांनी एक निर्णय घेतला जो मला फार पटला. आधी त्यांना वाटत होतं की नव्या डोलकाठ्या उभारू, शिडं लावू, रंग देऊ, जसं १८५३ ला होतं तसं करू. शेवटी तसं केलं नाही. जेवढं उरलं आहे तेवढं टिकवायचं, नवीन जोडायचं नाही, असं ठरलं. म्हणून कोळशासाठी कापलेली दारं तशीच आहेत. नव्या फळ्या लावल्या असत्या तर फोटो चांगला आला असता. पण मग ते सालकियाच्या सुतारांचं जहाज राहिलं नसतं. दोन इतिहासकारांनी २०२३ मध्ये या एका जहाजावर अख्खं पुस्तक काढलं आहे, आणि त्यांचं म्हणणंच हे की ते अगदी सामान्य जहाज होतं, म्हणून महत्त्वाचं.

आता थोडं घरचं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आमच्या घरामागच्या कडुलिंबाखालचा डोंगा आठवत असेल. माझे वडील सुतार होते. बैलगाड्या, वखर, तिफणी हे रोजचं काम, पण वैनगंगेच्या घाटावरचे ढिवर त्यांच्याकडून डोंगे करून घ्यायचे, जुने दुरुस्त करून घ्यायचे. आपण सहावीत असताना त्यांनी एक सागाचा डोंगा केला. ज्याने सांगितला होता त्याला पैसे जमले नाहीत, तो लाजेने परत आलाच नाही. वडिलांनी तगादा लावला नाही. डोंगा कडुलिंबाखाली राहिला. आपण त्यात बसून बोरं खाल्ली आहेत, पाढे म्हटले आहेत, समोर बसलेल्या एका प्रतिष्ठित डॉक्टरांनी त्यात बसून पहिली बिडी ओढली आहे. नाव सांगत नाही, त्यांच्या सौभाग्यवती आल्या आहेत.

वडील दर उन्हाळ्यात त्याला तेल लावायचे आणि पावसाळ्याआधी पालथा घालून विटांवर ठेवायचे. मी विचारलं होतं, कोणी घेणार नाही तर एवढं कायले करता? ते म्हणाले, 'पाण्यात राह्यलं तं लाकूड राह्यते, कोरड्यात राह्यलं तं राह्यते. कदी ओलं, कदी कोरडं झालं का सडते. ते आपल्या हातात हाय, तं काहून सडू द्यावं?'

वडील १९९१ ला गेले. मी नागपूरला कारखान्यात होतो, लाकडी साचे करायच्या खात्यात, पॅटर्नमेकर. म्हणजे त्यांनीच हातात दिलेल्या पटाशीवर माझी तीस वर्षं नोकरी झाली. तीन वर्षांनी घराची मागची भिंत पाडायची होती. धाकट्या भावाचं पत्र आलं की डोंगा मध्ये येतो, एक वीटभट्टीवाला सहाशे रुपये देतो आहे, काय करू? मी उलट टपाली लिहिलं, देऊन टाक. त्या सहाशे रुपयांत सिमेंटच्या काही पोत्या आल्या. कोणाला दोष द्यायची सोय नाही, पत्र माझ्याच अक्षरात आहे. भावाने ते जपून ठेवलं आहे, अधूनमधून दाखवतो.

पिक्टनला त्या तळघरात मी जो इतका वेळ बसलो होतो, तो काही सगळा वेळ कलकत्त्याचा विचार करत नव्हतो. एडविन फॉक्स मोठी आणि डोंगा लहान, एवढाच फरक. ओळखणारी माणसं एकीला भेटली. दुसऱ्याला ओळखणारा माणूस होता, पण त्याला पोत्यांची घाई होती.

तर आता मुख्याध्यापक सर इथे बसले आहेत म्हणून सांगतो. हे तक्रार म्हणून नाही. नवी इमारत छान झाली, पोरांना उजेड आहे, पंखे आहेत, गळत नाही. ती व्हायलाच हवी होती. पण काल संध्याकाळी मी खोखोच्या मैदानामागे चक्कर मारली. जुन्या कवेलूच्या इमारतीचे खांब, मयाली आणि फाटे तिथे बाभळीखाली रचून ठेवले आहेत. अर्ध्यावर ताडपत्री आहे, अर्ध्यावर नाही. दोन पावसाळे गेले. मी नखाने टोकरून पाहिलं. खालची रांग मातीला लागलेली आहे, ती वाळवीने धरली. वरच्या रांगेतला साग अजून ठणठणीत आहे. मोजल्या, चौदा मयाली चांगल्या आहेत. एकीवर करकटकाने कोरलेली नावं आहेत, त्यातली तीन माणसं आज या सभागृहात आहेत. लिलावाचं चाललं आहे असं ऐकलं, आणि शाळेला पैशांची गरज आहे हेही मला माहीत आहे.

माझी विनंती एवढीच की लिलाव एक वर्ष थांबवावा. सगळं लाकूड ठेवा असं मी म्हणत नाही, खालची रांग विकून टाका, ती गेलीच आहे. चौदा मयाली, सहा खांब आणि तो मोठा दरवाजा, एवढं ठेवू. जुन्या विहिरीजवळ एक खोली उभी राहते त्यात, आहे त्याच जोडांची, नवं लाकूड न घालता. खोलीत काय ठेवायचं ते पुढचे ठरवतील. कदाचित काहीच ठेवणार नाहीत, पोरं डबा खायला बसतील, तरी चालेल. जोड सोडवणं, खुणा घालणं, तेल देणं हे मी करीन. निवृत्त माणूस आहे, मजुरी घेणार नाही. दिवाळीनंतर पंधरा दिवस येऊन राहतो. आपल्या शाळेत सुतारकाम शिकायची इच्छा असलेली दोन-तीन पोरं मिळाली तर बरं, न मिळाली तरी येतो.

पण दिवाळी लांब आहे आणि पाऊस मृगाला येतो. त्याआधी ते लाकूड जमिनीपासून वीतभर उचलून विटांवर घ्यायला हवं आणि वर पूर्ण आच्छादन हवं. विटा मी उद्या सकाळी टाकवतो, तेवढं बोलून झालं आहे. कोणाकडे जुने टिनपत्रे पडून असतील, गोठ्याचे, मांडवाचे, कसलेही, तर जेवताना मला गाठा. वीस पत्रे लागतील. उचलायला दहा माणसं लागतील, आणि आपण इथे दीडशे आहोत.